आयात केलेले कॅड मॉडेल कॅममध्ये आडवे किंवा तिरपे उघडते: त्याची दिशा नेमकी कशी बसवावी?

प्रश्न: नवा_मिलर

मी तीन अक्षांच्या उभ्या मिलिंग मशीनवर काम करतो आणि कॅम सॉफ्टवेअर (मॉडेलवरून मशीनसाठी कापण्याच्या सूचना बनवणारे) गेले काही महिने शिकत आहे. भाग मी स्वतः रेखाटत नाही; वेगवेगळ्या डिझाइनरांकडून स्टेप (घन मॉडेलची) किंवा एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीची) फाइल येते, ती उघडून टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या टूलचा मार्ग, तयार करणे एवढेच माझे काम आहे. अडचण अशी की जवळजवळ प्रत्येक फाइल वेगळ्या दिशेने तोंड करून उघडते. कुणाचे मॉडेल कुशीवर पडलेले असते, कुणाचे उलटे, तर कुणाचे शून्यबिंदूपासून अर्धा मीटर दूर.

आतापर्यंत दोन जॉब या कारणाने वाया गेले आहेत. पहिला स्टेप फाइलचा होता. मॉडेल आडवे आले म्हणून मी ते ९० अंशांनी फिरवले, तरीही ते थोडे कललेले दिसत होते. मग पडद्यावरचे फिरवण्याचे कडे माउसने ओढून ते डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत जुळवले. वरचा पृष्ठभाग फेसिंग करून (वरचा थर सरळ कापून) व्यवस्थित सपाट निघाला, पण १८० मिमी लांबीच्या खाचेचा तळ एका टोकाला दुसऱ्यापेक्षा सुमारे ०.३ मिमी खोल गेला. तळासाठी मी त्रिमितीय फिनिशिंगचा टूलपाथ वापरला होता. जॉब पॅरललवर (खाली ठेवायच्या समांतर पट्ट्यांवर) नीट बसला होता आणि तो धरणारा व्हाइसही डायल लावून तपासला होता. आणखी एक गोष्ट म्हणजे या मॉडेलमधील छिद्रे सॉफ्टवेअरने आपोआप ओळखली नाहीत, ती मी एकेक करून निवडली.

दुसरा जॉब एसटीएल फाइलचा होता. तिथे आयात करताना वाय आणि झेड अक्षांची अदलाबदल करण्याचा पर्याय दिसला, तो निवडल्याबरोबर मॉडेल छान उभे राहिले. सर्व मापे बरोबर आली, पण जोडणीच्या वेळी लक्षात आले की एका कोपऱ्यातले छिद्र विरुद्ध बाजूला गेले आहे.

दिशा ठरवण्याची खात्रीशीर पद्धत कोणती, आणि माझ्या दोन्ही चुकांचे मूळ काय असावे, हे कुणी सविस्तर सांगू शकेल का?

उत्तर: फिक्स_जॉ

आपल्या पहिल्या जॉबचा उलगडा आपण शेवटी सहज लिहून गेलेल्या वाक्यात आहे. सॉफ्टवेअर आपोआप छिद्रे ओळखते तेव्हा ते बहुधा झेड अक्षाला समांतर असलेली दंडगोलाकार पृष्ठे शोधत असते. छिद्रे स्पष्ट दिसत असूनही ती यादीत येत नसतील, तर त्यांचा अक्ष झेडला समांतर नाही, म्हणजे मॉडेल कललेले आहे, असाच निष्कर्ष निघतो. १८० मिमी लांबीत ०.३ मिमी फरक म्हणजे साधारण ०.१ अंशाचा कल. पडद्यावर तो कुणालाही दिसणार नाही. मॉडेल मोठे करून पाहिले तरी दिसणार नाही. फेसिंगचा टूलपाथ एकाच झेड उंचीवर फिरतो, त्यामुळे वरची बाजू सपाट निघाली. त्रिमितीय फिनिशिंग मात्र मॉडेलच्या पृष्ठामागे इमानाने जाते, म्हणून त्याने मॉडेलचा कल धातूत जसाच्या तसा उतरवला. व्हाइस निर्दोष होता, मशीनही निर्दोष होते.

आता मॉडेल मुळात आडवे का येते ते पाहू. आयएसओ ८४१ या मानकानुसार मशीनचा झेड अक्ष मुख्य स्पिंडलला समांतर असतो आणि टूल जॉबपासून दूर जाण्याची दिशा ही झेडची धन दिशा असते. त्यामुळे उभ्या मिलवर झेड म्हणजे वर. रेखाटनाच्या सॉफ्टवेअरला असे कोणतेही बंधन नाही. सॉलिडवर्क्समध्ये समोरचे प्रतल हे एक्स-वाय प्रतल असते, म्हणून तिथे वाय अक्ष वर जातो. फ्रीकॅडमध्ये झेड वर असतो, तर फ्यूजनमध्ये कोणता अक्ष वर ठेवायचा हे वापरणारा ठरवतो. यातले चूक कुणीच नाही. डिझाइनरने आपल्या सोयीच्या प्रतलावर रेखाटन सुरू केले आणि फाइलमध्ये फक्त निर्देशांक आले. भाग मशीनवर कसा धरला जाणार आहे याचा त्यात मागमूसही नसतो.

म्हणूनच दिशा अंश टाकून किंवा माउसने ओढून ठरवू नये, ती मॉडेलच्याच भूमितीवरून घ्यावी. बहुतेक कॅम सॉफ्टवेअरमध्ये सेटअप (भाग एकदा धरून करायच्या कामाची मांडणी) तयार करताना झेडसाठी एखादे सपाट पृष्ठ आणि एक्ससाठी एखादी सरळ कड निवडता येते. जे पृष्ठ स्पिंडलकडे तोंड करून राहणार आहे ते झेडसाठी निवडा, जी कड व्हाइसच्या जबड्याला समांतर राहणार आहे ती एक्ससाठी निवडा. वाय अक्ष उजव्या हाताच्या नियमाने आपोआप ठरतो. मॉडेल मूळ फाइलमध्ये ७ अंशांनी कललेले असो वा ३७ अंशांनी, या पद्धतीत कल शिल्लक राहत नाही, कारण सॉफ्टवेअर पृष्ठाची दिशा थेट गणिताने वाचते. लेथच्या भागासाठी हेच काम मुख्य दंडगोलाचा अक्ष निवडून होते, फक्त तिथे झेड स्पिंडलच्या दिशेने आडवा असतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. निवडलेले पृष्ठ खरोखर सपाट आणि ड्रॉइंगच्या दृष्टीने महत्त्वाचे असावे. ओतीव भागाच्या मॉडेलमध्ये बाजूंना साच्यातून सुटण्यासाठी १ ते ३ अंशांचा उतार दिलेला असतो. तसली बाजू निवडली तर सगळा जॉब त्या उताराने फिरेल. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे, आणि ती मशीन सुरू करण्याआधी लक्षात आली हे केवळ नशीब.

उत्तर: उजवा_हात

दुसऱ्या जॉबबद्दल मी लिहितो, कारण ही चूक फार फसवी असते आणि तिच्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही.

दोन अक्षांची अदलाबदल म्हणजे फिरवणे नव्हे, ते आरशातले प्रतिबिंब असते. एक बिंदू घेऊन पाहा: एक्स १०, वाय २०, झेड ३०. वाय वर असलेले मॉडेल झेड वर आणण्यासाठी ते एक्स अक्षाभोवती धन ९० अंशांनी फिरवले, तर हा बिंदू १०, उणे ३०, २० या जागी जातो. नुसती अदलाबदल केली तर तो १०, ३०, २० या जागी जातो. फरक फक्त एका उणे चिन्हाचा आहे, पण त्या चिन्हाविना उजव्या हाताचा भाग डाव्या हाताचा होतो. लांबी, रुंदी, उंची, छिद्रांचे व्यास, घनफळ हे सगळे तंतोतंत जुळते आणि म्हणूनच व्हर्नियरने तपासून काही कळत नाही. भाग सममित असता तर आपल्याला ही चूक कधी कळलीही नसती.

प्रतिबिंब झाले आहे का हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. मॉडेलवर अक्षरे असतील तर ती उलटी दिसतात. आटे प्रत्यक्ष रेखाटलेले असतील तर उजवे आटे डावे होतात. एसटीएल फाइलमध्ये प्रत्येक त्रिकोणाच्या शिरोबिंदूंचा क्रम बाहेरची बाजू कोणती हे सांगतो. प्रतिबिंबात तो क्रम उलटतो आणि काही सॉफ्टवेअर अशा वेळी पृष्ठे आतून दिसत असल्यासारखी वेगळ्या रंगात दाखवतात. मात्र काही सॉफ्टवेअर ही गोष्ट गुपचूप दुरुस्त करून टाकतात, त्यामुळे रंगावर पूर्ण विसंबू नये. सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे भागाचे एखादे असममित वैशिष्ट्य निवडावे, उदाहरणार्थ आपले कोपऱ्यातले छिद्र, आणि ड्रॉइंगवरच्या त्याच दृश्याशी ते ताडून पाहावे. मात्र हे ताडताना ड्रॉइंग पहिल्या कोनाच्या प्रक्षेपणातले आहे की तिसऱ्या कोनाच्या (कोणते दृश्य कागदावर कुठे मांडायचे याच्या या दोन पद्धती), हे शीर्षकचौकटीतील चिन्हावरून आधी पाहून घ्या. तिथे गल्लत झाली तर बरोबर असलेले मॉडेलही उलटे वाटू लागते.

अंश टाकूनच फिरवायचे असेल, तर क्रमही महत्त्वाचा असतो. झेडकडे रोखलेला एक बाण मनात धरा. तो आधी एक्सभोवती ९० अंश आणि मग झेडभोवती ९० अंश फिरवला, तर शेवटी धन एक्सकडे रोखलेला राहतो. हीच दोन वळणे उलट क्रमाने दिली, तर तो ऋण वायकडे रोखलेला राहतो. त्यामुळे तीन चौकटींत तीन कोन एकदम भरून ‘लागू करा’ दाबण्यापेक्षा एका वेळी एकच वळण द्यावे आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचे तीन अक्षांचे बाण पाहावेत.

उत्तर: राऊटर_आणि_लाकूड

वरची दोन्ही उत्तरे धातूच्या आणि घन मॉडेलच्या अंगाने आली आहेत. मी लाकडी नक्षीसाठी राऊटर चालवतो आणि माझ्याकडे बहुतेक एसटीएलच येतात, म्हणून त्या बाजूच्या दोन-तीन गोष्टी जोडतो.

एसटीएल फाइलमध्ये एकक नसते. तिच्यात फक्त त्रिकोण आणि आकडे असतात. १०० म्हणजे १०० मिमी की १०० इंच हे फाइल सांगत नाही, ते आपण आयात करताना सांगायचे असते. इंचात रेखाटलेला १०० मिमीचा भाग मिलिमीटर समजून उघडला तर तो ३.९३७ मिमीचा ठिपका दिसतो, आणि मिलिमीटरमधला इंच समजून उघडला तर २५४० मिमीचा राक्षस. माप चुकले की आधी गुणोत्तर काढा. ते २५.४ आले तर इंचाचा घोळ आहे, १० आले तर सेंटिमीटरचा, १००० आले तर मीटरचा. यांपैकी काहीच आले नाही, तर कुणीतरी मुद्दाम माप बदलले आहे, आणि अशा वेळी अंदाजाने ताणून बसवण्याऐवजी पाठवणाऱ्याला विचारावे. स्टेप फाइलमध्ये एकक नोंदलेले असते, थ्रीएमएफ प्रकारच्या फाइलमध्येही असते, त्यामुळे शक्य तिथे त्याच मागवाव्यात.

एसटीएलमध्ये सपाट पृष्ठ म्हणून निवडता येईल असे काही नसते, असतात ते सुटे त्रिकोण. तरीही अनेक सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या त्रिकोणावर टिचकी मारून ती बाजू खाली टेकवण्याची सोय असते. ती नसेल तर एकाच सपाट भागावरचे, एकमेकांपासून शक्य तितके दूर असलेले तीन शिरोबिंदू निवडून त्यांवरून प्रतल ठरवावे. बिंदू जवळजवळचे घेतले तर त्यांच्यातली बारीक चूक लांबवर जाऊन मोठी होते.

व्हेक्ट्रिकच्या अ‍ॅस्पायरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना वरची, खालची, डावी, उजवी, समोरची, मागची यांपैकी कोणती बाजू वर आणायची हे विचारले जाते. इथे लक्षात ठेवायचे की असे सॉफ्टवेअर मॉडेलचे रूपांतर उंचीच्या नकाशात करते, म्हणजे वरून पाहिल्यावर प्रत्येक ठिकाणी एकच उंची राहते. कडेखाली दडलेला भाग त्यात नाहीसा होतो. त्यामुळे नक्षीकामात दिशा ठरवणे म्हणजे कोणता तपशील राखायचा आणि कोणता सोडायचा हे ठरवणे असते. एखादा चेहरा ५ अंशांनी मागे कलवला तर हनुवटीखालचा भाग उघडा होतो. तिथे मी मुद्दाम डोळ्यांनीच कल ठरवतो. मात्र तसे पाहताना दूरचे लहान दाखवणारे यथार्थदर्शी दृश्य बंद करून समांतर प्रक्षेपणाचे दृश्य ठेवतो, नाहीतर सरळ कडाही तिरप्या भासतात.

मी मॉडेलच फिरवतो आणि शून्यावर आणून ठेवतो. निर्देशांक प्रणाली फिरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

पुन्हा: नवा_मिलर

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. काल मूळ फाइल पुन्हा उघडून मोजणी केली. खाचेच्या तळाचा आडव्या प्रतलाशी असलेला कोन मूळ फाइलमध्येच ९७.५ अंश निघाला. डिझाइनरला विचारल्यावर कळले की हा भाग एका जोडणीत ७.५ अंश कलून बसतो आणि त्याने तो जोडणीतूनच थेट बाहेर काढला होता. मी आधी ९० अंश फिरवले आणि उरलेले माउसने ओढले, ते ७.४ अंशांवर थांबले असणार. आता पृष्ठ आणि कड निवडून सेटअप केला, तेव्हा सर्व छिद्रे लगेच यादीत आली. मॉडेलभोवतीच्या चौकटीची मापेही आता ड्रॉइंगशी जुळतात. आधी ती उंचीत ०.३ मिमीहून जास्त निघत होती आणि माझे तिकडे लक्षच गेले नव्हते.

दोन शंका उरल्या आहेत. मॉडेल फिरवावे की निर्देशांक प्रणाली फिरवावी, यावर वर दोन मते दिसतात. माझ्यासारख्याने कोणते धरावे? आणि दुसऱ्या सेटअपसाठी भाग उलटायचा असेल तेव्हा तो कोणत्या अक्षाभोवती उलटावा?

उत्तर: फिक्स_जॉ

राऊटरवाल्या मित्रांचे त्यांच्या कामापुरते बरोबर आहे. एकच नक्षी, एकच सेटअप, आणि फाइल पुन्हा बदलून येणार नाही, अशा वेळी मॉडेल फिरवून शून्यावर ठेवणे सोपे पडते. आपल्या कामात मात्र डिझाइनर सुधारित आवृत्ती पाठवतो. ती नवी फाइल जुन्याच निर्देशांकांवर, त्याच ७.५ अंशांच्या कलासह येते. आपण आधीचे मॉडेल हलवलेले असेल, तर ते सगळे हलवणे पुन्हा जसेच्या तसे करावे लागते आणि तिथेच चूक शिरते. मॉडेल जागेवर ठेवून सेटअपची निर्देशांक प्रणाली पृष्ठ, कड आणि कोपरा यांना बांधलेली असेल, तर आवृत्ती बदलल्यावर ती निवड फक्त तपासावी लागते. शिवाय एका भागाचे दोन-तीन सेटअप असतात. प्रत्येकासाठी मॉडेल फिरवत बसले, तर पहिल्या सेटअपनंतर उरलेला स्टॉक (कापायचा कच्चा माल) दुसऱ्याकडे कसा नेणार? मास्टरकॅममधील प्लेन आणि फ्यूजनमधील सेटअप यांची रचनाच मॉडेल स्थिर ठेवून दिशा बदलण्यासाठी केलेली आहे. डिझाइनरशी बोलणे होतच असेल, तर भाग जोडणीतून न काढता त्याच्या स्वतःच्या फाइलमधून निर्यात करायला सांगा. सॉलिडवर्क्समध्ये स्टेप निर्यात करताना हवी ती निर्देशांक प्रणाली निवडण्याचीही सोय आहे.

कोणते पृष्ठ निवडायचे याचे उत्तर ड्रॉइंगवर असते. तिथे ए, बी, सी अशी आधारपृष्ठे दिलेली असतील, तर शक्यतो ए खाली पॅरललवर, बी फिक्स जॉला (व्हाइसच्या न हलणाऱ्या जबड्याला) आणि सी बाजूच्या स्टॉपरला टेकवावे. तीन बिंदूंनी प्रतल, दोन बिंदूंनी रेषा आणि एका बिंदूने जागा पक्की होते, हा जुना ३-२-१ नियम व्हाइसमध्ये जसा चालतो तसाच कॅममध्येही चालतो. कॅममधली झेड, एक्स आणि शून्याची निवड त्याच पृष्ठांवरून केली, म्हणजे पडद्यावरचे शून्य आणि मशीनवर एज फाइंडरने (कड शोधणाऱ्या साधनाने) घेतलेले जी५४ चे, म्हणजे मशीनमध्ये नोंदवलेले जॉबचे, शून्य एकाच जागी येते. टूलपाथमधले सगळे आकडे या शून्यापासूनच मोजले जातात. मॉडेल पडद्यावर कुठे तरंगते आहे याच्याशी मशीनला देणेघेणे नसते.

उलटण्याबद्दल: फिक्स जॉ मागे, म्हणजे धन वायच्या बाजूला आहे आणि स्टॉपर डावीकडे आहे असे धरतो. भाग एक्स अक्षाभोवती उलटला तर डावी बाजू डावीकडेच राहते आणि स्टॉपर तसाच चालतो, पण फिक्स जॉला टेकणारे पृष्ठ बदलते. मग भागाच्या रुंदीत जी काही चूक असेल ती थेट वाय मापात उतरते. वाय अक्षाभोवती उलटला तर फिक्स जॉला तेच पृष्ठ राहते, मात्र डावी बाजू उजवीकडे जाते, म्हणून स्टॉपर उजवीकडे हलवावा लागतो आणि एक्सचे शून्य त्या बाजूने घ्यावे लागते. ज्या दिशेतली मापे अधिक काटेकोर आहेत त्या दिशेचे आधारपृष्ठ न बदलेल अशा रीतीने उलटावे. कॅममध्ये दुसऱ्या सेटअपची दिशा नेमकी तशीच ठेवा आणि सेटअपच्या कागदावर बाणासह लिहून ठेवा, कारण मशीनवर भाग उलटणारा माणूस कधी कधी दुसराच असतो.

उत्तर: उजवा_हात

वरच्याला एक जोड देतो. उलटल्यानंतरच्या सेटअपमध्ये झेडचे शून्य कच्च्या स्टॉकच्या वरच्या बाजूवर घेऊ नका. पहिल्या सेटअपमध्ये तयार झालेले पृष्ठ आता खाली पॅरललवर बसलेले आहे. शून्य तिथेच घेतले तर स्टॉक १ मिमी जाड निघो वा २ मिमी, भागाची जाडी बरोबरच येते. फक्त तसे केल्यावर सर्व झेड आकडे धन दिसू लागतात. कापणे म्हणजे उणे झेड अशी सवय असलेल्याने पहिली फेरी हवेत चालवून पाहावी.

पुन्हा: नवा_मिलर

ड्रॉइंगवर बी हे मागचे लांब पृष्ठ आहे आणि सर्व काटेकोर मापे त्यापासूनच दिलेली आहेत, त्यामुळे भाग वाय अक्षाभोवती उलटायचे ठरवले. दुसऱ्या सेटअपसाठी झेडला तळाचे पृष्ठ निवडले, एक्सला तीच लांब कड उलट दिशेने घेतली आणि शून्य उजव्या स्टॉपरच्या कोपऱ्यात ठेवले. सिम्युलेशनमध्ये कोपऱ्यातल्या छिद्राची जागा ड्रॉइंगमधील खालून पाहिलेल्या दृश्याशी ताडून पाहिली; प्रक्षेपणाचे चिन्ह पहिल्या कोनाचे निघाले, आणि ते आधी पाहिले नसते तर मी बरोबर असलेला सेटअप पुन्हा उलटा करून बसलो असतो. हवेतली फेरी आज झाली, उद्या धातूवर घेतो.